चाचणीचा रुपया

जेलरोडच्या घरात, रात्री साडेदहाला,
वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली मी:
डावीकडे पैसे येण्याचे रस्ते,
उजवीकडे त्या रस्त्यांवरचे टोलनाके.
यूपीआयला जवळजवळ काही नाही. कार्डाला दोन टक्के, वर जीएसटी.
परदेशातून कुणी घागर मागवली तर तीन.
आमची घागर कोण मागवतंय परदेशातून,
तरी लिहून ठेवलं, न्यू जर्सी,
पान अगदीच जवळचं वाटू नये म्हणून.

अप्पा समोर शेंगा सोलत होते.
छत्तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात.
आयुष्यभर पैसा तयार केला
आणि सुटी झाली की रिकामे हात दाखवून घरी आले.
म्हणाले, "म्हणजे कुणाच्याच हातात काही येणार नाही?"
"खात्यात येईल. दोन दिवसांनी."
"मग दोन दिवस असतो कुठे तो?"
हे मी कस्टमर केअरलाही विचारलं होतं.
त्यांनी तक्रार क्रमांक दिला.

रोखीत घरपोच द्यायचं की नाही, यात आठवडा गेला.
द्यायचं म्हटलं की सटाण्याहून परतलेला हंडा आठवतो.
दारापर्यंत गेला, दार उघडलं नाही,
जाताना एक, येताना एक, असे दोन पोचे घेऊन आला,
भाडं दोन्हीकडचं आमच्या माथी.
नाही द्यायचं, तर चांदोरीच्या बाईंचा फोन:
"आधी पैसे? भांडं वाजवून न बघता?"
त्यांचंही खरं.
मी फोनजवळ तांब्या धरून टिचकी मारली.
त्या म्हणाल्या, "रेंज नाही इथे, परत वाजवा."

गेटवेच्या फॉर्ममध्ये एक चौकोन होता,
परताव्याचं धोरण, दोनशे अक्षरांत.
तो घेऊन तांबट आळीत गेले, मोरेश्वर वडनेऱ्यांकडे,
ज्यांच्या हातोडीवर हा सगळा पसारा मांडलाय.
विचारलं, माल परत आला तर काय लिहू?
ते ठोकत राहिले. त्या आवाजात
माणसं एकमेकांचे ओठ वाचतात.
मग थांबून म्हणाले,
"लिही. पोचा आला तर आणा, ठोकून देतो.
पातेल्याची कल्हई गेली तर आणा.
मी नसलो तर पोरगा देईल.
तो नसला तर"
आणि शेजारच्या बंद फळ्यांकडे बघत
वाक्य तिथेच ठेवलं, ऐरणीवर.

त्यांची स्वतःची वही खुंटीला, सुतळीत ओवलेली.
पंचवटी, मोठे घंगाळ, निम्मे दिले,
उरलेले मुलीच्या लग्नानंतर.
साल नाही. ती मुलगी आता आजीही झाली असेल.
मी फॉर्म वर-खाली सरकवून पाहिला,
उधारीला रकाना नव्हता.
लिहिलं: सात दिवसांत परत, अटी लागू.
बरीच अक्षरं उरली.

मंगळवारी दुपारी लिंक सुरू झाली.
चाचणीसाठी कुणीतरी एक रुपया पाठवायला हवा होता.
अप्पांनी फोन चष्म्याशी नेला,
पिन टाकताना माझ्याकडे पाठ केली.
हिरवी खूण आली. माझा फोन थरथरला.
ते मात्र अंगठा तर्जनीवर घासत बसले,
कोऱ्या नोटेची कड चाचपावी तसे.
"पोचला?"
"पोचला."
"मग पावती दे."
वहीचं पान फाडून लिहिलं:
श्री. पुंडलिक नेरकर यांजकडून रुपये एक मात्र.
कशाबद्दल, ते कोरं राहिलं.
त्यांनी घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

बुधवारी चहाआधीच विचारलं,
"खात्यात आला का?"
"अजून नाही."
"कुठवर आलाय?"
मी म्हटलं, "द्वारकेला, सिग्नलला अडकलाय."
त्यांना पटलं.
"तिथं वेळ लागतोच," म्हणाले,
आणि पेपर उघडला.